बँड सरळ गेला

संगीत महाविद्यालयाच्या मुलाखतीसाठी बाहेर खुर्च्या सहा होत्या आणि माणसं तीन: एक बाप, त्याची बारावी झालेली लेक आणि कान टवकारून बसलेली नंतरची उमेदवार.

“नेतृत्वाबद्दल विचारलं तर?”

“सांगेन, शाळेच्या बँडपुढे ऐटीत चालत होते. चौकात मी डावीकडे वळले, बँड सरळ गेला.”

“अगं, स्वतःच्याच पायावर धोंडा? चषकाचं सांग!”

“चषक नंतरचा, बाबा. तेव्हापासून वळण्याआधी मी मागची पावलं ऐकते.”

“पत्ता कधी लागला तुला?”

“भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, एकटीच कुठं निघालीस गं?”

“हे मात्र बोलू नकोस. प्रवेश बुडेल.”

शिपायाने लेकीला आत बोलावलं. बापाने दाराला कान लावला.

“काय चाललंय, काका?” उमेदवाराने विचारलं.

“भाजीवालीपर्यंत पोचली.”

आत परीक्षक तिघे होते. हसण्याचे आवाज चार आले.