सोनीला ‘कोण’ विचारायला पाहिजे होतं

नाही काका, माईक सोडणार नाही मी. ओढू नका, तुटंल तो, मंडपवाल्याचा आहे. दोन मिनिटांत आवर म्हणता? दोन मिनिटांत आपण ताईचे दात पाडले होते. मला जास्त लागतील.

बसा. बसा सगळे. मावशी, तुम्हीपण बसा, पोरीला घेऊन कुठं निघालात?

लई लोक आलेत. शाळेतले सर आहेत, मॅडम आहेत, गल्लीतल्या सगळ्या आत्या-मावश्या आहेत. ताईची आई पुढं बसलीय. आई, मला तुमच्याकडं बघून बोलता येणार नाही, मी जरा इकडं तोंड करते. मी लिहिते, नाटकं करते, स्टेजवर घसा फाटेस्तोवर ओरडलेय.

पण मागं फ्लेक्सवर ‘दुःखद निधन’ छापलंय ना, ते आधी सांगते. निधन नाही झालं. प्रज्ञाताईला मारलं. मंगळवारी, भर दुपारी, आपल्या गल्लीच्या तोंडाशी, गिरणीसमोर मारलं. दोन दिवस दवाखान्यात होती, मग गेली. माझ्याआधी तिघं बोलले. एकानंपण ‘मारलं’ म्हटलं नाही. ‘काळानं झडप घातली’ म्हणाले. काळ सॅन्डल घालतो का हो? ताईच्या बरगड्यांवर सॅन्डलच्या टाचा उमटल्या होत्या. आईंनी बघितल्यात. आंघोळ त्यांनीच घातली.

ज्यांना ताई काय करायची ते माहीत नाही, त्यांना सांगते. ज्या पोरांना नीट बोलता येत नाही, बोललेलं कळत नाही, त्यांना ती शिकवायची. आठवड्यातून दोनदा आपल्या शाळेत यायची, जिन्याखालच्या खोलीत बसायची. पोरांना कुठले प्रश्न कळतात, कुठले नाही, हे आधी तपासायची. काय, कोण, कुठं, कधी, का. एकेक प्रश्न, एकेक पोरगं. फॉर्मवर खुणा करायची.

तिच्याकडं चित्रांचा डबा होता. त्यात सोफा, स्विमिंग पूल, टाय घातलेला बाप. आपल्या पोरांना काय कळणार? म्हणून मी तिला चित्रं काढून द्यायचे. गिरणी, रिक्षा, भजी तळणारी बाई. सोनीसाठी मेंढ्या काढल्या. सोनीचे आजोबा वेरूळकडं मेंढ्या राखतात, आई इथं चार घरची भांडी घासते. सोनी सात वर्षांची. तुम्ही सगळे ओळखता तिला, मुकी मुकी म्हणता.

ताईनं मेंढीचं चित्र दाखवलं. ‘सोनी, ही मेंढी आहे का?’

‘व्हय.’

रिक्षा दाखवली. ‘ही मेंढी आहे का?’

‘व्हय.’

मला हसू आलं. मी म्हटलं, ‘सोने, तू उंट आहेस का गं?’

‘व्हय.’

मी पोट धरून हसले. ताई नाही हसली. मला म्हणाली, ‘बाई, बाहेर जाऊन हस. या पोरीला मी काय विचारतेय ते कळतच नाही. माझा आवाज चढला की ती व्हय म्हणते. व्हय म्हटलं की मोठी माणसं गप होतात, एवढंच शिकलीय ती. नाय म्हटल्यावर काय होतं ते तिच्या पाठीवर बघ.’

मग सोनीच्या आईला बोलावलं. तिच्या हातात चित्रं दिली, म्हणाली, ‘वहिनी, हिला व्हय-नाय असलं काही विचारायचं नाही. दोन चित्रं समोर ठेवायची नाहीतर कोण, कुठं विचारायचं. ती बोट दाखवती. बोट कधी चुकत नाही तिचं.’ आणि खरंच हो! ‘मॅडम कोण आहे?’ विचारलं की सोनी ताईच्या नाकावर बोट टेकवायची. ताई शिंकायचं नाटक करायची. सोनी खिदळायची. कुणी ऐकलंय सोनीला खिदळताना? मी ऐकलंय.

आता मंगळवार.

‘कुठं’ हे खोलीत बसून तपासता येत नाही, असं ताईचं म्हणणं. म्हणून तिनं हेडसरांना सांगितलं, सोनीच्या आईला विचारलं आणि सोनीचा हात धरून गल्लीच्या तोंडाशी आली. पर्समध्ये गोळ्या होत्या. बरोबर बोट दाखवलं की एक गोळी. ती खाली वाकून विचारत होती, ‘तुझं घर कुठंय? आई कुठंय? घरी कोण असतं?’

आणि सकाळीच आपल्या गल्लीच्या ग्रुपवर मेसेज आला होता. पोरं पळवणाऱ्या बायका शहागंजात फिरतायत, गोळ्या देतात, घरचा पत्ता विचारतात. किती जणांनी पुढं पाठवला? मोबाईल काढू नका आता. मी बघितलाय ग्रुप.

गिरणीपाशी कुणीतरी ओरडलं, ‘ए, पकडो उसको!’ ताई सांगत होती, मी शाळेतली आहे, कार्ड दाखवते. तिनं पर्समध्ये हात घातला तर पर्स हिसकली. गोळ्या सांडल्या. ‘देखो, चॉकलेट है!’ पहिली चापट एका बाईनं मारली. मग केस धरले. इथपर्यंतचं मी ऐकलेलं. मी शाळेतून रंग घेऊन मागनं येत होते. पोचले तेव्हा ती गुडघ्यांवर होती, तोंडातून रक्त येत होतं आणि तरी सोनीला म्हणत होती, ‘घाबरू नको, घाबरू नको.’

तेव्हा मारणं थांबलं होतं. हे ऐका. मारणं थांबलं होतं! एक जण म्हणाला, अरे आधी पोरीला तर विचारा. शहाणा माणूस. खरंच शहाणा. आणि मग सोनीला पुढं ओढून जोरात विचारलं, ‘ही बाई तुला पळवून नेत होती का?’

सोनी काय म्हणाली?

सांगा ना. तुम्ही होता तिथं.

व्हय म्हणाली.

तिला विचारायचं होतं, ‘ही कोण?’ तिला विचारायचं होतं, ‘मॅडम कोण आहे?’ ती गेली असती आणि बोट टेकवलं असतं ताईच्या नाकावर. त्या रक्ताच्या नाकावर. संपलं असतं सगळं.

आता तुम्ही म्हणाल, आम्हाला काय माहीत. बरोबर आहे. तुम्हाला नव्हतं माहीत. मला होतं. त्या सगळ्या गर्दीत एकटीला मला माहीत होतं. दुसऱ्या रांगेत उभी होते मी, रंगाचा डबा छातीशी धरून. एवढंच ओरडायचं होतं, ती सगळ्यालाच व्हय म्हणते! मी तोंड उघडलं होतं.

आणि मला हेल्मेट दिसलं. ज्यानं हेल्मेट वर उचललं, त्याचा हात दिसला.

दादा, मान वर कर.

माझा सख्खा भाऊ आहे. माझ्या फीचे पैसे भरतो, मला गाडीवर कॉलेजला सोडतो. त्यानं ते हेल्मेट तीनदा मारलं. आवाज आला. नारळ फुटल्यासारखा नाही, काही फुटल्यासारखा नाही, ओल्या गोणीवर काठी मारावी तसा. तिसऱ्यांदा ताईनं हातपण वर केला नाही. मी तोंड मिटलं. भाऊ दिसला आणि मी तोंड मिटलं. घरी जाऊन त्याला जेवायला वाढलं. त्यानं दोन चपात्या खाल्ल्या. मी बघत होते.

तेव्हापासून गल्लीत एकच वाक्य चाललंय. ‘पोरगीच व्हय म्हणाली.’ वकिलाला तेच सांगितलं, चौकीतल्या साहेबांना तेच सांगितलं. सोनीच्या आईला खोली खाली करायला सांगितली. तुमच्या पोरीमुळं बाई मेली म्हणे! सात वर्षांच्या लेकराच्या डोक्यावर मुडदा ठेवून तुम्ही क्रांती चौकात मेणबत्त्या लावायला जाणार.

उद्या साहेब लोक सोनीला विचारायला येतायत. परवापासून दोन मावश्या तिला बोरं खायला देतायत आणि पढवतायत, ‘बाई तुला ओढत होती का गं?’ व्हय. ‘तू रडत होतीस का गं?’ व्हय. तिला अजून शंभर गोष्टी विचारा, शंभरदा व्हय म्हणेल. तेवढ्यावर सगळे सुटतील. आणि पोरगी मोठी झाल्यावर तिला कुणीतरी सांगंल, तू मारलंस.

माझं बोलणं कळतंय ना?

बघा. सगळ्यांनी मान हलवली.

ताईचा फॉर्म माझ्याकडं आहे. सोनी सगळ्यालाच व्हय म्हणते, असं तिच्या अक्षरात लिहिलंय, खाली सही आहे. तो मी आज चौकीत देणार आहे. सोबत माझा जबाब. त्यात चार नावं आहेत, मी डोळ्यांनी बघितलेली. इथं वाचत नाही, ज्याची त्याला माहीत आहेत. चौथं दादाचं. पाचवं माझं, काय माहीत होतं आणि काय केलं नाही यासाठी. काका, सकाळी तुम्ही घरी येऊन बाबांना जे म्हणालात, पोरीला समजवा, घरातलं घरात राहू द्या, तेपण लिहिलंय.

दादा, तू संग चल. नको? बरं. आईला सांग, माझं ताट वाढू नको.

ताई, तुला नमस्कार करायचा हक्क नाही मला. तरी करते.

आता तुम्ही उभं राहून शांतता पाळणार ना? पाळा. मी मंगळवारीच पाळली.

माईक घ्या काका. सरका जरा. सरका, वाट द्या मला.