‘नवरीचा चुडा, बोरी बुद्रुक’ या फोटोबाबत जबाब

मी, तहरीम महंमद हनीफ मण्यार, वय २२ वर्षे, शिक्षण बी.कॉम., व्यवसाय वडिलांच्या बांगड्यांच्या दुकानात मदत, राहणार बाजारपेठ, जुन्नर, ता. जुन्नर, जि. पुणे. आज वडिलांसोबत पोलीस ठाण्यात हजर असून, मला विचारल्यावरून माझ्या स्वतःच्या अक्षरात लिहून देते की,

मी वरील पत्त्यावर वडील महंमद हनीफ व आई इशरत यांच्यासह राहते. आमचे दुकान आजोबांच्या वेळचे आहे. लग्नसराईत वडील जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील लग्नघरी जाऊन बांगड्या भरतात. घरात पदवीपर्यंत शिकलेली मी पहिलीच आहे. अलीकडे पुष्कळ लोक बांगड्यांचे तयार सेट मोबाईलवरून मागवतात, त्यामुळे वडिलांना होणारी बोलावणी कमी झाली होती. म्हणून पदवीचा निकाल लागल्यावर मी दुकानाची वेबसाइट करायचे ठरवले. वडिलांना ते पटले नव्हते. "बेटा, तुझी वेबसाइट हात दाबून माप सांगणार का?" असे ते म्हणाले. आई म्हणाली, पोरीला शिकवलंय ना, मग करू द्या.

वेबसाइट कशी करावी हे मी इंटरनेटवरील मोफत धड्यांतून शिकले. छोट्या धंद्याने दुसऱ्याचे फोटो वापरू नयेत, आपल्याच कामाचे फोटो टाकावेत व त्याखाली गावाचे नाव द्यावे, म्हणजे ग्राहकाचा विश्वास बसतो, असे त्यात सांगितले होते. मला ते योग्य वाटले. आपल्या वेबसाइटवर खोटे काही असणार नाही असे मी ठरवले. तसेच बायकांचे चेहरे व नावे घ्यायची नाहीत, फक्त हात दाखवायचे, हेही मी ठरवले. एकाही बाईचा चेहरा मी घेतलेला नाही.

मे महिन्यात बोरी बुद्रुक येथील जानकाबाई हनुमंत रोकडे यांची मुलगी श्रेया हिचे लग्न होते. हळदीच्या आदल्या दिवशी मी, वडील व आई त्यांच्या घरी बांगड्या भरण्यास गेलो. अशा वेळी आधी नवरीला व मग घरातील प्रत्येक बाईला बांगड्या भरतात, कोणाचा हात रिकामा ठेवत नाहीत. सगळ्यांचे झाल्यावर जानकाबाईंनी आतल्या खोलीतून त्यांच्या बहिणीची मुलगी कल्याणी, वय अंदाजे २६, हिला बोलावले. ती नको म्हणत होती. जानकाबाई म्हणाल्या, "माज्या लेकीच्या लग्नात तुजा हात मोकळा दिसला तर मला जेवान जायचं न्हाई." तेव्हा ती येऊन बसली.

तिच्या डाव्या हाताची करंगळी मधल्या सांध्यापासून बाहेर वळलेली होती व मिटत नव्हती. वडिलांनी साबण लावून सावकाश बांगड्या चढवायला घेतल्या. करंगळी कशाने मोडली असे त्यांनी विचारले. तिने दारात सापडली असे सांगितले. वडिलांनी त्या हातासाठी एक माप मोठे घेतले.

नवरीचे फोटो मी काढले होते, पण ती सारखी हसत व हात हलवत असल्याने ते नीट आले नव्हते. कल्याणी दाराच्या उजेडात हात मांडीवर ठेवून स्थिर बसली होती. फोटो काढू का असे मी विचारल्यावर तिने त्यात तोंड येणार नाही ना असे विचारले. मी फोटो काढून तिला दाखवला. तिने तो बराच वेळ पाहिला व म्हणाली, "चांगला दिसतोय की हात." तिच्या परवानगीनेच मी तो फोटो घेतला. ती कोणाची कोण व तिथे का राहते हे मला त्यावेळी माहीत नव्हते व मी विचारले नाही.

वेबसाइटच्या पहिल्या पानावर मोठा फोटो लागतो. तिथे मी कल्याणीच्या हाताचा फोटो ठेवला, कारण तोच सर्वात चांगला होता. त्याखाली ‘नवरीचा चुडा, बोरी बुद्रुक, ता. जुन्नर’ असे लिहिले. चुडा त्याच लग्नातला व नवरीच्या चुड्यासारखाच होता, म्हणून त्यात काही चूक आहे असे मला वाटले नाही. वेबसाइट सुरू झाल्यावर तिची लिंक मी जुन्नर व आंबेगावच्या लग्नसाहित्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. लोकांना ती आवडली. वडील दुकानात आलेल्या गिऱ्हाइकांना स्वतःच्या मोबाईलवर ती उघडून दाखवू लागले. उघडायला त्यांना जमत नसे, मग ते मला हाक मारत.

मागील शुक्रवारी दुपारी वडील नमाजला गेले असताना मी दुकानात एकटी होते. त्यावेळी एक इसम आला. वय अंदाजे तीस, इस्त्रीचा पांढरा शर्ट, बोलणे नम्र. घोडेगावकडून आलो, घरात लग्न आहे, असे त्याने सांगितले. त्याने मोबाईलवर आमची वेबसाइट उघडून वरील फोटो दाखवला व असाच चुडा पाहिजे म्हणाला. वेबसाइट पाहून दुकानात आलेले ते पहिलेच गिऱ्हाईक होते. मी त्याला खुर्ची दिली व चहा मागवला.

त्याने फोटोतील करंगळीचा भाग बोटांनी मोठा केला व विचारले, "हीच का नवरी?"

मी हो म्हणाले. खाली नवरी असे लिहिले असताना नाही कसे म्हणावे असे मला वाटले. मग, तुमच्या कामाबद्दल त्या घरी विचारता येईल का, असे त्याने विचारले. मी हनुमंत रोकडे यांचे नाव व त्यांच्या घराची खूण सांगितली. ग्राहकाने जुन्या ग्राहकाला विचारून खात्री करावी, असेच मी धड्यात शिकले होते. माप कोणते हे मी विचारल्यावर तो लगेच म्हणाला, "सव्वादोन. डाव्या हाताला जरा मोठं लागतं." पुरुषांना सहसा माप सांगता येत नाही, म्हणून मला त्याचे कौतुक वाटले. जाताना तो म्हणाला, "ताई, लई चांगलं काम केलंय तुमी." हिरव्या बांगड्या घेऊन तो गेला. पोलिसांनी मला दाखवलेला कपिल नावाच्या इसमाचा फोटो त्याचाच आहे. मी त्यास ओळखते.

पुढील प्रकार मी पाहिलेला नाही. जानकाबाईंच्या शेजारी राहणाऱ्या मंगल यांनी सांगितला तसा लिहीत आहे. सोमवारी मंगल व कल्याणी बेल्हे येथील आठवडे बाजारास गेल्या होत्या. कपिल दोन इसमांसह पांढऱ्या गाडीतून तेथे आला व त्याने कल्याणीचे मनगट धरले. ती ओरडू लागल्यावर लोक जमले. तेव्हा त्याने मोबाईल वर धरून सगळ्यांना दाखवला व म्हणाला, "बघा राव, ही माजी बायकू. सोडचिठ्ठी न्हाई, कोर्ट न्हाई, आन बोरीत दुसरं लगीन लावून बसलीय. हितं लिवलंय, वाचा." लोकांनी वाचले. तिच्या हातात तोच चुडा होता. लग्न माझ्या मावसबहिणीचे होते, असे ती सांगत होती. मंगलही सांगत होत्या. परंतु जमलेले लोक बाहेरगावचे होते व तिला ओळखणारे कोणी नव्हते. एका वयस्कर माणसाने गाडीचे दार उघडून दिले व, पोरी, नवऱ्याच्या घरी जा, असे तिला समजावले. मंगल आडव्या आल्या, त्यांना ढकलून गाडी निघून गेली.

त्या जागेवर मिळालेले काचेचे तुकडे मला पोलिसांनी दाखवले. ते आमच्या दुकानातील मालाचे आहेत. लग्नात भरलेल्या बांगड्यांचे की कपिलने नेलेल्यांचे, हे मला सांगता येत नाही. आमच्या घरात बांगडी फुटली असे म्हणत नाहीत, वाढवली असे म्हणतात. परंतु या फुटलेल्या आहेत.

मंगळवारी सकाळी जानकाबाई आमच्या दुकानात आल्या. त्या ओरडल्या नाहीत. वडिलांनी पाणी दिले ते त्यांनी घेतले नाही. त्या मला म्हणाल्या, "माजी पोर तुज्या मोबाईलात कशी गेली तेवढं सांग." मी त्यांना सर्व सांगितले. कपिल दारू पिऊन मारतो म्हणून कल्याणी गेल्या वर्षी घरातून निघून मावशीकडे आली होती व ती मुंबईकडे गेली असे सासरी सर्वांना वाटत होते, हे मला तेव्हा त्यांच्याकडून कळले. मारहाणीची तक्रार का दिली नाही असे मी विचारले. जानकाबाई म्हणाल्या, "तक्रारीत पत्ता द्याया लागतो."

त्यानंतर मी, वडील व जानकाबाई पोलीस ठाण्यात आलो. हा नवरा-बायकोचा मामला असून ती घरी पोहोचली असेल, असे आम्हाला सांगण्यात आले. सज्ञान स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध नेणे हा गुन्हा आहे, असे मी म्हणाले. ते आम्हाला माहीत आहे, असे उत्तर मिळाले. कपिलचा मोबाईल बंद आहे. त्याच्या गावातील घराला कुलूप आहे. शेजाऱ्यांनी तो कामाला बाहेर गेला एवढेच सांगितले. कुठे ते सांगितले नाही.

मला विचारल्यावरून सांगते की, सदर फोटो वेबसाइटवर अजून तसाच आहे. मंगळवारी मी तो काढणार होते, निदान खालची ओळ तरी बदलणार होते. परंतु तो पुरावा असल्याने पंचनामा होईपर्यंत त्यात काहीही बदल करू नये, असे मला सांगण्यात आले. पंचनामा कधी होईल असे मी रोज फोन करून विचारते. संबंधित साहेब बंदोबस्तात आहेत. दरम्यान त्या फोटोचे स्क्रीनशॉट काढून कोणीतरी आंबेगावमधील ग्रुपवर फिरवले आहेत. त्याखाली कल्याणीबद्दल जे लिहिले आहे ते मी येथे लिहू शकत नाही. वेबसाइट रोज किती लोक बघतात ते मला दिसते. ते वाढत आहेत. काल मंचर येथील एका बाईंनी अगदी असाच चुडा हवा असा मेसेज केला. मी उत्तर दिलेले नाही.

वडिलांना विचारल्यावरून त्यांनी सांगितले की, पोरीचा हेतू वाईट नव्हता. हे मी लिहिणार नव्हते, परंतु त्यांनी सांगितले म्हणून लिहिले आहे. ती करंगळी दारात सापडलेली नव्हती हे भरतानाच हाताला कळले होते, असेही त्यांनी सांगितले.

येणेप्रमाणे माझा जबाब आहे. सोबत आलेल्या जानकाबाईंना वाचता येत नसल्याने तो मी ठाण्यातील बाकावर बसून त्यांना सुरुवातीपासून मोठ्याने वाचून दाखवला. वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या, "समदं लिवलंस. ती कुटं हाय ते न्हाई लिवलं."

ते मला माहीत नाही. बाकी जबाब माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे.

समक्ष सही,
तहरीम महंमद हनीफ मण्यार