काकूंनी बदललेल्या तारा

"चिंचोळीची बस गेली का हो?" उकडलेल्या शेंगांचा वास. सात रस्त्याच्या सिग्नलला थांबेचनात असे हॉर्न. बसथांब्याच्या बाकावर गिटार, अलीकडे साठीच्या बाई, पलीकडे टाय लावलेला आदिनाथ.

"काकू, तारा नव्या कशा?"

"सुतक फिटलं, सगळं घर धुतलं. त्या गंजल्या होत्या, दुकानातून बदलून आणल्या. उद्या शोकसभेत यांची ती ब्लूजची धून तूच वाजवणार न्हवं, आदिनाथ?"

"जुन्या तारा सरांनी स्वतःच्या वेगळ्या सुरात लावलेल्या होत्या. दुकानदारानं सगळ्यांचा असतो तो लावलाय."

"मग लाव की यांचा सूर. बारा वर्षं शिकलास."

"तेवढंच शिकवलं नाही. विचारलं की म्हणायचे, मी गेल्यावर माझी गिटार छेड, कळेल."

"म्हंजे मीच घालवलं."

"तसं नाही, काकू."

"तसंच हाय. वाजव बघू, एकेक तार."

"ही जाड."

"लई वर हाय. उतरव. अजून. पहिल्या पाळीला जायच्या आधी रोज लावत बसायचे, मी डबा भरायची. पुढची?"

"ही?"

"ही बरोबर. तिसरी न्हाय. खाली घे. थांब, जास्त झाली."

"काकू, बस आली."

"जाऊ दे. शेवटची वाजव. चढव. आणखी थोडी. बास."

"काकू, हाच! कार्यक्रमात अगदी हाच लागायचा."

"असंल बाबा. मी यांच्या एकाही कार्यक्रमाला गेले न्हवते."