मधुकरचे तीन डबे

जुन्या वस्तूचं मोल कोणालाच आधी कळत नाही, असं तुम्ही म्हणता. पण आमच्या सिहोऱ्यात, एकोणीसशे ऐंशीच्या आसपास, एका म्हाताऱ्याला ते कळलं होतं.

मधुकर आमच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. गिटारचा आवाज बदलणारे तीन पेडल त्यानं नागपूरहून आणले होते, पायानं दाबायचे डबे. दिवसभर तो एकच स्वप्न पाहायचा. "चाळीस वर्सांनं लोक यातला एक काचेच्या कपाटात ठेवतीन. पन कोनता, थेच समजून नाही राहिलं."

तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, लागून असलेल्या शाळेच्या ओसरीत आमची तालीम चालायची. तिथंच म्हातारे नामाजी, तलावात मासे धरणारे, आपलं फाटकं जाळं सांधत बसायचे. मधुकर म्हणाला, "नामाजी, तुमीच सांगा."

पहिला डबा गुरगुरला. दुसरा तान्ह्या लेकरासारखा रडला. नामाजींचे हात जाळ्यावर चालूच. तिसरा डबा प्रत्येक सूर तीनदा परत द्यायचा. तो वाजला आणि हात थांबले.

"हा ठेव."

"काहून?"

"मी डोंग्यात असलो का माही बुढी पाळीवरून हाक मारे. पान्यावरून असाच आवाज ये."

बुढी, म्हणजे त्यांची बायको, वारून सहा वर्षं झाली होती. मधुकरनं गिटार काढून त्या डब्याला माइक जोडला.

"नाव घेऊन हाक मारे का?"

"नाव कायले घेईल? 'अजी' म्हने."

मधुकर आपल्या घोगऱ्या आवाजात हळूच म्हणाला, "अजी."

ते तीनदा तलावावरून फिरलं. नामाजींनी जाळं खांद्यावर टाकलं, उठले आणि रिकाम्या पाळीकडे पाहत म्हणाले, "आलो वं."