घर बघायला

शशिकांत : तितं नगा बसू मॅडम. भिंतीला ओल हाय, साडी खराब हुईल. हितं खाटंवर बसा.

वीणा : असू दे, बरी आहे मी इथं. शशिकांतराव, मागच्या वेळी इथं सोफा होता ना?

शशिकांत : सोफा?

वीणा : मी त्यावरच बसले होते. आणि त्या कोपऱ्यात फ्रिज होता.

शशिकांत : ते व्हय! ते हलवलंय. दिवाळीच्या आत रंग द्यायचाय. सामान मधी आलं की रंगारी वैतागत्यात.

वीणा : अच्छा. आणि सलोनी कुठं आहे?

शशिकांत : हाय की. बरी हाय.

वीणा : ऑगस्टपासून ती कॉलेजला आलेली नाही. सेकंड इयरला केमिस्ट्री मीच शिकवते. रोज हजेरी घेताना तिचं नाव वाचते, आणि पुढं गैरहजर लिहिते.

शशिकांत : ताप हुता तिला. डेंगूचं लई चाललंय नव्हं चौकात.

वीणा : मुली म्हणतात, ती निशातगंजला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला लागली.

शशिकांत : पोरी काय, कायबी बोलत्यात. चा टाकतो मी. दूध तेवढं वरनं आणतो.

वीणा : चहा राहू द्या. तुमच्या मिसेस दिसत नाहीत? मी नको नको म्हणत होते तरी त्यांनी तिसरी पुरणपोळी वाढली होती. लखनौला आल्यापासून तसं पुरण खाल्लं नव्हतं.

शशिकांत : ती गावाकडं गेल्याय. विट्याला.

वीणा : दिवाळीला येतील ना?

शशिकांत : बगू.

सलोनी : पप्पा, बाहर किसकी स्कूटी खड़ी... मॅडम? तुम्ही?

शशिकांत : ये सलू. मॅडमना सांगत हुतो, तुझा ताप उतरलाय म्हणून. आता सोमवारपासनं...

सलोनी : पप्पा, बस ना. माझ्या गळ्यात लॅबचं कार्ड आहे, त्यांना दिसतंय. नमस्ते मॅडम. मी नोकरी करते. काउंटरवर पेशंटची नावं लिहून घेते.

वीणा : नोकरी का करतेस?

सलोनी : फी नहीं भर पाए, इसलिए. पहिल्या वर्षाची भरली कशीतरी. या वर्षी तुमच्याकडं... मतलब कॉलेजच्या मदत निधीसाठी अर्ज केला होता. तुम्हाला माहितीच आहे. तुम्हीच घर बघायला आला होता.

वीणा : हो. मीच आले होते.

सलोनी : आणि तुम्ही लिहून दिलं, मदतीची गरज दिसत नाही.

वीणा : हो.

शशिकांत : सलू, मोठ्या माणसांशी असं बोलत्यात व्हय? त्यांनी बगितलं ते लिवलं. त्यांची काय चूक?

सलोनी : तो किसकी है? सोफा वर राहतात त्या नक़वी अंकलचा. फ्रिज त्यांचाच. काचेची भांडी पण वरूनच आणली. पडदेसुद्धा! मॅडम, या घराला आतापर्यंत कधी पडदा नव्हता.

वीणा : सोफा नव्हता तुमचा...

शशिकांत : आता काय लपवू. न्हवता. मी नक़वी साहेबांना म्हटलं, आमच्या मुलखाची बाई येणार हाय, पैल्यांदाच. तर त्यांनी सवताच्या हातानं सामान खाली उतरवलं. म्हणले, आपके मेहमान हमारे मेहमान. त्यांच्या घरात दोन दिस जमिनीवर बसत हुते, हितं तुमी बसावं म्हणून.

वीणा : पण कशासाठी, शशिकांतराव? ही मदत कुणाला मिळते ते सलोनीनं सांगितलं नव्हतं का तुम्हाला?

सलोनी : सांगितलं होतं. दस बार सांगितलं.

शशिकांत : सांगितलं हुतं तिनं. पर मला वाटलं, पोरीला काय कळतंय. घर बघायला येणार म्हंजे चांगल्या घरातली पोरगी हाय का ते बघणार. लगनाला बघायला येत्यात तसं. ब्यांकवाले बी घर बघूनच देत्यात की. ज्याच्याकडं हाय त्यालाच कर्ज मिळतंय. फाटक्या माणसाला कोण पैसा देतंय मॅडम? म्या अजून तरी बगितला न्हाई.

वीणा : आम्ही फाटक्यालाच देतो. म्हणजे... मला तसं म्हणायचं नव्हतं.

शशिकांत : न्हाई, बरोबर हाय तुमचं. फाटकंच हाय. पंचवीस वरसं झाली लखनौच्या ह्या चौकात येऊन. सोनारांचं सोनं गाळून द्यायचं, शुद्ध करून द्यायचं, त्याच्यावरच घर चाललं. आता मोठ्या मशिनी आल्या. सोनार परभारेच तिकडं माल देत्यात. माझी भट्टी आठवड्यातनं दोनदा पेटली तर पेटली. पर आपल्या माणसाला ते कसं दावायचं? आमच्यासारखे सोनं गाळणारे गलाईवाले सोडले तर आमच्या बोलीत बोलणारं कोण चढलंय ही पायरी? तुमी दारातनं आत आला, “काय म्हणताय, बरं आहे ना?” असं इचारलंत, आन हिची आई आत जाऊन रडली.

वीणा : त्या मला बोलल्या नाहीत काही.

शशिकांत : कशा बोलतील? पुरण वाटत हुती.

सलोनी : आई गावी गेली नाही मॅडम. मतलब, गेली. पर वापस यायला नाही. तुमचा निर्णय आला, त्याच्या पुढच्या महिन्यात. मामाच्या शेतात जाते. तिघांचं इथं भागत नव्हतं, दोघांचं भागतं.

वीणा : अगं, मला कुणी...

सलोनी : कोण सांगणार? पप्पा? ते तर तुम्हाला रंगारी सांगत होते ना आता? मुझे मालूम है. सगळ्यांना तेच सांगतात.

शशिकांत : सलू!

सलोनी : माझी पण चूक आहे. तुम्ही बसला होता तेव्हा मी बोलायला पाहिजे होतं. एकच वाक्य. ये सब हमारा नहीं है. तोंडापर्यंत आलं होतं. पर पप्पा इतने खुश थे. तुम्हाला विट्याच्या गोष्टी सांगत होते, हसत होते. मी त्यांना तसं हसताना कितीतरी दिवसांनी बघत होते. फिर मैंने सोचा, मॅडम समझदार हैं, समझ जाएँगी.

वीणा : मला कसं कळणार होतं, सलोनी?

सलोनी : तुम्हाला कळलं होतं.

शशिकांत : आता काय बोलतीस?

सलोनी : पप्पा, तुम्ही गोल दरवाज्याच्या बाजारात मिठाई आणायला गेला होता. तेव्हा नक़वी आंटी खाली आल्या. सलाम केला, फ्रिज उघडला, आपलं शुगरचं इंजेक्शन काढलं आणि निघून गेल्या. किसी से पूछा तक नहीं. कोण दुसऱ्याच्या घरात असा फ्रिज उघडतं? मॅडमनी फ्रिजकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली. मला वाटलं, चलो, समझ गईं. अब बोलना नहीं पड़ेगा.

शशिकांत : खरं हाय का हे, मॅडम?

वीणा : खरं आहे. मला शंका आली होती.

सलोनी : फिर?

वीणा : विचारलं नाही मी.

सलोनी : क्यों?

वीणा : कारण तुम्ही मराठी आहात. ऐका, शशिकांतराव, मला सांगू द्या. निधीच्या समितीत घरं बघायला नावं वाटली तेव्हा स्टाफरूममध्ये एक जण हसून म्हणाले होते, “वीणाजी, ये तो आपकी अपनी लड़की निकली, इसका तो पक्का.” सगळे हसले. मीही हसले. पण ते मला लागलं. आमच्या ह्यांच्या रेल्वेतल्या बदल्यांमुळं मी चार गावं फिरले, कुठंही माझ्या कामाकडं कुणी बोट दाखवलं नव्हतं. त्या दिवशी इथून घरी गेले. वृंदावन योजनेतल्या घरापर्यंतचा सगळा रस्ता तो फ्रिज डोळ्यांपुढं होता. परत फिरून विचारावं असं वाटत होतं. आणि मग वाटलं, मी होकार दिला तर म्हणतील, जेवून आली आणि आपल्या माणसाला देऊन बसली. नकार दिला तर कुणीच काही म्हणणार नाही.

सलोनी : म्हणून नकार दिला.

वीणा : मिश्रांची किंवा खानांची मुलगी असती, तर मी त्याच क्षणी विचारलं असतं, बेटा, हा फ्रिज कुणाचा?

शशिकांत : म्हंजे आमी परके असतो तर बरं झालं असतं.

वीणा : हो.

शशिकांत : आन मी आपलं माणूस म्हणून सोफा आणला.

वीणा : मला माफ करा असं म्हणायला तोंड नाही मला. पण नुसतं हे सांगायला आले नाही मी. सलोनीची या वर्षाची फी मी भरते. पुढच्या वर्षाचीही.

शशिकांत : न्हाई.

वीणा : शशिकांतराव...

शशिकांत : न्हाई म्हटलं न्हवं? तुमच्या जिवाला गार वाटावं म्हणून माझ्या पोरीची फी? कॉलेजनं दिली असती तर डोक्यावर घेतली असती. पोरीच्या मार्कांवर, तिच्या गरजंवर मिळाली असती ती. तुमचं पैसं घेतलं तर ती जलमभर तुमच्या पुढ्यात मान खाली घालून बसंल. आधीच एकदा घातली तिनं.

वीणा : बरोबर आहे तुमचं. मग दुसरं ऐका. सलोनी नोकरीला लागल्याचं ऐकलं तेव्हाच माझी शंका पक्की झाली, म्हणून काल मी प्रिन्सिपलांकडं गेले होते. माझा अहवाल चुकीचा होता, आणि मला शंका असून मी चौकशी केली नाही, हे तोंडी सांगितलं आणि लिहूनही दिलं. समितीतून माझं नाव काढायला सांगितलं. सलोनीच्या जागी ज्या मुलीला मदत मिळाली, तिची काढता येणार नाही. तिलाही गरज आहेच.

सलोनी : तिची नका काढू. मी ओळखते तिला.

वीणा : नाही काढणार. पण ट्रस्टकडं थोडी रक्कम राखीव असते. प्रिन्सिपल तयार आहेत. तुझं नाव अजून पटावर आहे. बुडालेली प्रॅक्टिकलं शनिवारी करून घेता येतील. फक्त घर पुन्हा बघावं लागेल. दुसऱ्या कुणीतरी. मिश्रा मॅडम येतील, गुरुवारी.

शशिकांत : परत?

वीणा : परत.

शशिकांत : आन त्यास्नी काय दावायचं?

वीणा : जे आहे ते.

शशिकांत : ही खाट. ही ओल. दोन डबे पिठाचे.

वीणा : हो.

शशिकांत : उघडं करून.

सलोनी : नको मॅडम. सच में. मला पगार मिळतो. ठीक चल रहा है. पुढं-मागं ओपन युनिव्हर्सिटीतून बी.ए. करीन, कमी पैशात होतं. पप्पांना पुन्हा हे नको.

वीणा : बी.ए. कर, त्यात कमी काही नाही. पण तुला बी.ए. करायचं होतं का? टायट्रेशन करताना तुझा हात कसा असतो ते मी बघितलंय. लॅबमध्ये तू काउंटरच्या अलीकडं बसतेस. तुला पलीकडं जायचं होतं ना, जिथं तपासणी करतात?

सलोनी : सबको थोड़ी मिलता है, मॅडम.

शशिकांत : सलू, तू खाऊन घे जा. भात हाय.

सलोनी : भूक नाही.

शशिकांत : मॅडम, त्या मिश्रा मॅडम मराठी न्हाईत न्हवं?

वीणा : नाहीत. कानपूरच्या आहेत.

शशिकांत : मग पाठवा त्यास्नी. परक्या माणसाला दावता येतंय. पर एक हाय. मी घरात नसंन.

सलोनी : पप्पा...

शशिकांत : पोरगी दावंल की. तिला येतंय सगळं. माझ्यानं न्हाई व्हायचं ते. उठा आता मॅडम, पाच वाजले की गल्लीत गर्दी हुतीया. स्कूटी निघायची न्हाई.

(पुढच्या शनिवारी दुपारी, कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये. इतर मुली गेल्या आहेत. सलोनी ब्युरेट धुते आहे.)

वीणा : राहू दे ते. शिपाई धुईल.

सलोनी : झालंच. मॅडम, मिल गया. ऑफिसमधून सकाळी फोन आला. या वर्षाची पूर्ण फी माफ. पुढच्या वर्षी परत बघणार म्हणाले.

वीणा : कळलं मला. फार बरं झालं. आईला सांगितलंस?

सलोनी : फोन केला. ती म्हणाली, ऊसतोड संपली की येते. बघू.

वीणा : आणि पप्पा?

सलोनी : ते ठीक आहेत. गुरुवारी वर गच्चीत बसले होते, नक़वी अंकलजवळ. मिश्रा मॅडम निघून गेल्या तरी खाली नाही आले. अंधेरा होने के बाद आए. मला विचारलं, बगितलं का सगळं? मी म्हटलं, हो. बस, एवढंच.

वीणा : मिश्रा मॅडम कशा वागल्या?

सलोनी : चांगल्या आहेत त्या. हळू बोलत होत्या. डबे उघडून बघितले. भट्टी कुठं आहे विचारलं. आईबद्दल विचारलं. मी सगळं खरं सांगितलं, एक भी झूठ नहीं.

वीणा : मग रडतेस कशाला?

सलोनी : काही नाही.

वीणा : सलोनी. काय झालं? त्या काही बोलल्या का?

सलोनी : नाही, त्या नाही. मॅडम, किती ऊन होतं तेव्हा. त्या गोल दरवाज्यापासून चालत आल्या होत्या, पदरानं घाम पुसत होत्या. मला वाटलं, काही दिलं तर म्हणतील, यांच्याकडं आहे. म्हणून मी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही.