सोमवारची गोळी

मूळचे आम्ही खानदेशातले. आजोबा कापसाच्या मागेमागे इंदूरला आले आणि मिलमध्ये लागले, मग आमचे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, तेही त्याच मिलमध्ये, विणाई खात्यात, मागावर. घरात दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. मी गेले. प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले, आणि हे मी कोणी विचारलं नाही तरी सांगते, कारण आमच्या अख्ख्या चाळीत ती पहिली डिग्री होती आणि दादांनी ती फ्रेम करून देवांच्या शेजारी लावली होती. तेव्हापासून चाळीला वाटायचं, ही डॉक्टरच झाली. कोणाची शेळी दूध देईना, कोणाला खाज सुटली, की निघाले माझ्याकडे.

मघाशी तुम्ही पर्समधली डोकेदुखीची गोळी नुसत्या चहाबरोबर घ्यायला निघालात आणि मी तुमचा हात धरला, तर ताई, तुम्हाला जरा विचित्र वाटलं असेल. त्याच्यामागे एक कुत्रा आहे. भोंग्या नाव त्याचं.

हा भोंग्या मिलच्या फाटकाशी राहायचा. मिलचा भोंगा वाजला की हा मान वर करून त्याच्याबरोबर सूर लावायचा, म्हणून ते नाव. पाळी सुटली की दादांच्या डब्यातली उरलेली पोळी त्याची. मग मिल बंद पडली. एका दिवसात धाडकन नाही पडली, आधी एक पाळी गेली, मग दुसरी गेली, मग फाटकाला कुलूप लागलं, आणि कुलूप लागलं त्या दिवशी हा दादांच्या मागे चालत घरी आला. दादा सगळ्यांना सांगायचे, मिलमधून मला हा मिळाला. हसत सांगायचे, पण त्यांचं हसणं तेव्हा फार लवकर संपायचं. दिवस कसे होते ते काय सांगू तुम्हाला, टीव्हीवर नवेनवे चॅनल, नव्या गाड्या, बाहेरच्या कंपन्या येणार म्हणून पलासियाच्या बाजारात मोठमोठे बोर्ड, आणि आमच्या चाळीत धडधाकट माणसं सकाळपासून ओट्यावर बसलेली.

आणि सोमवार. हे तुम्हाला दुसरीकडे कुठे ऐकायला मिळणार नाही. कोणी सुरू केलं ठाऊक नाही, पण मिलचं फाटक उघडू दे म्हणून सगळ्या चाळीने सोमवार धरले. बायकांनी आणि पुरुषांनीही. संध्याकाळची आरती होईपर्यंत कोणाच्या घरी स्टोव्ह पेटायचा नाही, चहासुद्धा कोपऱ्यावरच्या गुमटीवर, म्हणजे टपरीवर, जाऊन प्यायचा. दिवसभर केळं आणि शेंगदाणे. दादा देवाधर्माचे कधीच नव्हते, पण सोमवार त्यांनी असा धरला होता की पाण्याचा घोटसुद्धा विचार करून घ्यायचे.

आमच्यापासून दोन घरं सोडून कैलास भिया राहायचा, भैयाला आमच्या इंदुरात भिया म्हणतात. दादांच्या शेजारच्या मागावरचा. मिल बंद झाल्यावर त्याने टेम्पो चालवायला घेतला, आणि आयुष्यभर माग चालवलेला माणूस, त्याला गाडी मागे घेणं काही जमेना. एका सकाळी घेतला टेम्पो मागे आणि भोंग्याचा मागचा पाय चाकाखाली. कैलास भिया रडकुंडीला आला, म्हणे दादा, मैंने तो ब्रेक ही दबाया था, वो माना ही नहीं. मग त्याच टेम्पोत भोंग्याला घातला आणि दादा आणि तो जनावरांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी ऑपरेशन केलं, हाडात सळई घातली, टाके घातले, आणि दुखण्याची गोळी दिली, सकाळ-संध्याकाळ, आणि बजावून सांगितलं, खाना खिलाकर देना, खाली पेट नहीं. दादांनी घरी येऊन मला जसंच्या तसं सांगितलं.

आता मला सगळ्यात नवल कशाचं वाटायचं सांगू का, मुक्या जनावराला दुखतं किती, हे कळायचं कसं. मी कॉलेजात बेडूक फाडला होता, सगळ्या नसांची नावं मला पाठ, पण याचा धडा नव्हता. मग मी आणि दादा नुसते बघत बसायचो. गोळीचा अंमल उतरला की तो आडवाच व्हायचा नाही, तीन पायांवर उभा राहायचा, डोळे मिटायला लागायचे तरी उभा. थंडीच्या दिवसांत जीभ बाहेर काढून धापा टाकायचा. कान मागे चिकटलेले. गोळी लागू पडली की आधी कान सुटायचे, मग तो बसायचा, मग हनुवटी दादांच्या चपलेवर. दादा म्हणायचे, बेबी, बघ, कान सुटले. मागावरचा धागा न्याहाळायचे ना, तसे बघायचे, आणि मला वाटतं मिल बंद झाल्यापासून ते पहिल्यांदा कशाकडे तरी इतकं लावून बघत होते.

चाळीलाही तोच नाद लागला. कोणी म्हणे हळदीचं दूध द्या, कोणी म्हणे नजर काढा. कैलास भिया तर स्वतःच्या कमरेच्या गोळ्या घेऊन आला, म्हणे ये दे दो, दो मिनट में दौड़ेगा. मी म्हटलं भिया, माणसाची गोळी कुत्र्याला द्यायची नसते, मरेल तो. तर तो आईकडे बघून म्हणतो काय, एक मेंढक काटा है इसने, और पूरा अस्पताल सिर पे उठा रखा है. पण गोळ्या खिशात ठेवल्या बरं का.

आणि मग भोंग्याला उलटी झाली. साधी नाही, चहाच्या चोथ्यासारखी काळपट. आम्ही घाबरलो, पण संध्याकाळी तो जरा सावरला, दुसऱ्या दिवशी दूध-पोळी खाल्ली, म्हटलं काहीतरी रस्त्यावरचं चाटलं असेल. आठवडा बरा गेला. मग परत तेच, आणि या वेळी शीसुद्धा डांबरासारखी काळी, आणि हिरड्या पांढऱ्या पडलेल्या. दादा म्हणाले गोळी बंद. पण सकाळची गोळीही उलटून पडलेली, थोड्या वेळाने तो असा कण्हायला लागला की आईने कानांवर हात ठेवले. गोळी दिली तर पोट जातं, नाही दिली तर पाय जगू देत नाही. दादा मला म्हणाले, तू शिकलीस ना, सांग मग. चिडून नाही म्हणाले. खरंच विचारत होते.

मी रोज पहाटे पलासियाला कोचिंगवर शिकवायला जायची, सकाळची गोळी मी कधी डोळ्यांनी बघितलीच नव्हती. त्या दिवशी मी केरसुणीची काडी घेतली आणि ती उलटी उलगडून बघायला लागले. आई म्हणाली शी, हेच शिकवलं का कॉलेजात. मी म्हटलं हो, हेच. आत होता केळ्याचा एक तुकडा. बाकी काही नाही. मी विचारलं, दादा, पोळी कुठे आहे. दादा म्हणाले, आज सोमवार नाही का.

बघा, म्हणजे मागची उलटी कधीची, तीही सोमवारची. घरात स्टोव्ह पेटत नाही, पोळी नाही, दूध तापत नाही, तर दादा केळ्याच्या चकतीत गोळी खुपसून द्यायचे. डॉक्टरांनी सांगितलेलं त्यांनी मोडलं नव्हतं हो. खाऊ घालूनच देत होते. उपासाला केळं खाल्लं की आमच्याकडे फराळ झाला, पोट भरलं. ते स्वतः तेवढ्यावर दिवस काढत होते.

लगेच टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी ती गोळी तिथल्या तिथे बंद केली, इंजेक्शनं दिली, पोटाचं औषध दिलं, म्हणाले पोटात आतून रक्त आलंय, अजून एकदा असं झालं तर मी काही करू शकणार नाही. मग दुसरं, पोटाला जरा हलकं औषध लिहून दिलं, आणि दादांना म्हणाले, केला खाना नहीं होता. दादा म्हणाले, साहेब, सोमवारी आमच्याकडे तेच जेवण आहे. डॉक्टरांनी चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, दूध-रोटी, सोमवार को भी.

मग पुढचा सोमवार आला. कोचिंगला मी सुट्टी सांगितली होती, मला बघायचंच होतं काय होतं ते. आई रविवारी म्हणाली होती, रात्रीची शिळी पोळी ठेवू, स्टोव्ह नको. पण शिळी पोळी भोंग्याने हुंगली आणि तोंड फिरवलं. पोटच आंबलेलं त्याचं, त्याला गरम दूधच हवं. दादा उठले आणि स्टोव्हला पंप मारायला लागले. तुम्हाला काय सांगू, सोमवारी सकाळी चाळीत स्टोव्हचा आवाज. सगळी दारं उघडली.  आई दारात आडवी, म्हणाली, आणि मिलचं काय.

दादांनी दूध चढवलं, कणीक घेतली, वाकडीतिकडी पोळी लाटायला लागले आणि म्हणाले, मिलला भूक लागत नाही, याला लागते.

आई दारातून बाजूला झाली. मग आत आली, त्यांच्या हातातलं लाटणं काढून घेतलं, म्हणाली, एवढी जाड पोळी त्याच्या घशाखाली उतरायची नाही. बाहेरून कैलास भियाचा आवाज आला, दादा, अब जला ही दिया है तो चाय भी चढ़ा दो. तर चहाही झाला. भोंग्याने दूध-पोळी खाल्ली, औषध घेतलं, आणि आम्ही सगळे, चाळ धरून, त्याच्या कानांकडे बघत बसलो. सुटले हो कान. उलटी नाही झाली.

त्याच्या पुढच्या सोमवारी अजून एका घरात स्टोव्ह वाजला. मग अजून एका. व्रत सोडलं असं कोणीच म्हणालं नाही. दादांनी इंदूरच्याच लालबागच्या बाजूला एका शाळेत शिपायाची नोकरी धरली, आणि भोंग्या लंगडत लंगडत त्यांना कोपऱ्यापर्यंत सोडायला जायचा, पुढे म्हातारा होऊनच गेला तो.

मिल काही उघडली नाही. आता तिथे उंच बिल्डिंगा झाल्यात. आई शेवटपर्यंत मधूनच म्हणायची, तुझ्या बापाने स्टोव्ह पेटवला म्हणून. दादा म्हणायचे, बरं झालं, नाहीतर अजून केळी खात बसलो असतो. मला मात्र अजूनही कोडं आहे, की मिल आता उघडत नाही हे दादांना आधी कळलं होतं आणि मग त्यांनी स्टोव्ह पेटवला, की स्टोव्ह पेटवल्यावर कळलं. विचारायचं राहून गेलं. आता विचारायला ते नाहीत, आईही नाही, आणि मी इथे अन्नपूर्णा रोडच्या या घरात, मुलांना बेडकाची पचनसंस्था शिकवून शिकवून रिटायर झालेली.

असो. पोहे झालेत बघा. वरून सेव घ्या हवी तेवढी. पोटभर खा आधी, नुसते दोन घास नको, आणि मग घ्या तुमची ती गोळी. सुखी राहा.