न रडणाऱ्या पोरी

मंडळी, बसून घ्या. मागे भिंतीला टेकलेल्यांनीही बसा, मी फार वेळ घेणार नाही. खरं म्हणजे मला बोलायचंच नव्हतं. समोर द्वारकाचा फोटो आहे, त्याला हार आहे, आणि तिकडे पाहिलं की माझं वाक्य तुटतं. द्वारका बेचाळीस वर्षांची. मी तिची बाई, अडुसष्ट वर्षांची. माझ्या शोकसभेत तिनं बोलायला हवं होतं. दोन वाक्यं बोलली असती आणि मैदानावर निघून गेली असती.

माझ्याआधी चार जण बोलले. द्वारका हसतमुख होती. द्वारका मनमिळाऊ होती. द्वारकाला देवाची देणगी होती. मी खाली बसून विचार करत होते, हे नक्की कोणाबद्दल बोलतायत?

द्वारका हसतमुख? सामन्याच्या आदल्या दिवशी तिच्याशी कोणी बोललं तर ती त्या माणसाकडे भिंतीकडे बघावं तशी बघायची. मनमिळाऊ? सख्ख्या बहिणीच्या लग्नाला गेली नाही, कारण त्या आठवड्यात सराव होता. तिचे मामा पुढे बसलेत. मामा, सांगा खोटं असेल तर. आणि देणगी? देणगी मिळालेल्या माणसाला एवढा घाम येत नाही.

मी शाळेत इंग्रजी शिकवायची. शिकले कॉन्व्हेंटमधून, नोकरी लागली चौसाळ्याला. शाळेत खेळाचे शिक्षक नव्हते, म्हणून मुख्याध्यापकांनी शिट्टी माझ्या गळ्यात घातली. खो-खोत किती खेळाडू बसतात हेसुद्धा मला माहीत नव्हतं. द्वारकाचे आईवडील शिरूर कासारहून दर वर्षी ऊसतोडीला जायचे आणि ही इथे मामाकडे राहायची, मामाची शेरडं वळायची. सोळा वर्षांची, काटकुळी, कमी बोलणारी.

तेलगावच्या संघाविरुद्ध एकदा ती लवकर बाद झाली. इतर मुली बाद झाल्या की रडतात, पंचांना शिव्या देतात, पाणी पितात. ही सरळ जिनं तिला पकडलं तिच्याकडे गेली. म्हणाली, "तुला कावून वाटलं मी डावीकडं वळणार हाय?" ती मुलगी घाबरली, तिला वाटलं ही भांडायला आली. मग म्हणाली, "वळायच्या आधी तू खांदा टाकतीस." द्वारका म्हणाली, "बरं."

बस. "बरं." त्यानंतर चार महिने ही शेरडांमागे पळत होती. मी मामांना विचारलं, ही काय करते? मामा काय म्हणाले आठवतं का, मामा? "बाई, येडी झालीय. शेरडाचे कान बघत बसती." मी तिला विचारलं. ती म्हणाली, "शेरडू वळायच्या आधी कान हलवतं, बाई. पण एक पांढरी शेळी हाय, ती न्हाई हलवत. ती कशी करती ते बघायलीय."

मी एवढी शिकलेली, एवढी पुस्तकं वाचलेली. त्या दिवशी मीही त्या पोरीशेजारी बसून पांढऱ्या शेळीचे कान बघितले. स्वतःची चूक कोणी दाखवली की आपल्याला राग येतो. मला येतो, अजूनही येतो. तिला त्याची भूक लागायची.

मघाशी दोन वक्त्यांनी राज्याच्या अंतिम सामन्याची गोष्ट सांगितली. पाठलाग करणाऱ्या मुलीचं बोट द्वारकाच्या पाठीला लागलं, पंचांना दिसलं नाही, आणि द्वारका आपणहून बाहेर गेली. आपण हरलो. वक्ते म्हणाले, केवढा हा प्रामाणिकपणा. त्यांना दोष देत नाही, कारण मीही तेव्हा हेच म्हणाले होते. पाठ थोपटायला गेले तर ती माझा हात बाजूला करून म्हणाली, "प्रामाणिक बिमाणिक न्हाई, बाई. मी सुटले न्हवते. सुटले असं मानलं असतं, तर पुढच्या टायमाला माझ्या अंगानंच मला फसवलं असतं."

मंडळी, कळलं का तुम्हाला? ती चांगुलपणासाठी बाहेर गेली नव्हती. संघातल्या मुली तिच्याशी महिनाभर बोलल्या नाहीत, तिला त्याचंही काही वाटलं नाही. तिला फक्त खरं हवं होतं. पदक नसलं तरी चालेल, पण आपण कुठे आहोत हे नेमकं कळलं पाहिजे. अशी माणसं सोबत राहायला सोपी नसतात. पण तीच माणसं राज्याकडून खेळतात, देशाकडून खेळतात, आणि परत येऊन चौसाळ्याच्या मैदानावर तुमच्या मुलींना शिकवतात.

आता मी ज्यासाठी उठले ते बोलते.

द्वारका दहावीत असताना तिची आई ऊसतोडीवरच वारली. तिसऱ्या दिवशी सकाळी राख सावडली. आणि संध्याकाळी ही मैदानावर हजर. डोळे कोरडे. बुटाची नाडी बांधत होती. मी कॉन्व्हेंटमध्ये वाढलेली, आम्हाला रडण्याचीसुद्धा शिस्त होती, रुमाल कधी काढायचा हेसुद्धा सिस्टर सांगायच्या. मला ते बघवलं नाही. मी सगळ्या मुलींसमोर तिला म्हणाले, "तुला काळीज आहे की दगड? घरी जा. महिनाभर तोंड दाखवू नको."

ती गेली. त्या महिन्यात जिल्ह्याची निवड होती. ती हुकली.

खूप वर्षांनी, देशाकडून खेळून आल्यावर, माझ्या घरी चहा पिताना ती म्हणाली, "तुमी माझं एक वर्ष खाल्लं, बाई." रागानं नाही. आज गुरुवार आहे असं सांगावं, तसं. मी म्हणाले, मला वाटलं तुला दुःख झालं नाही. ती म्हणाली, "लई झालं होतं. म्हणून तर मैदानावर आले. तिथं कसं उभं राहायचं ते मला माहीत होतं. घरात माहीत न्हवतं."

हे मी आजपर्यंत कोणाला सांगितलं नाही. आज सांगते, कारण तीच चूक या गावात परत होते आहे.

गेल्या गुरुवारी सकाळी द्वारका गेली. दुपारी आपण सगळे स्मशानात होतो. आणि संध्याकाळी द्वारकाची शिष्या आफरीन, आपल्या हायवेवरच्या गॅरेजवाल्या रफिकभाईंची मुलगी, एकटी मैदानावर सराव करत होती. कोणीतरी मोबाईलवर त्याचा व्हिडिओ काढला. कोणी काढला ते मला माहीत आहे, नाव घेत नाही, त्यानं मान खाली घातली आहे तेवढं पुरे. खाली लिहिलं, गुरूची चिता विझली नाही आणि ही पळतेय. गावभर फिरलं ते.

सोमवारी आफरीनचं पुण्याला निवड शिबिर आहे. काल रफिकभाई माझ्या दारात आले. म्हणाले, "म्याडम, लोक म्हणतेत रफिकच्या पोरीला दिल न्हाई. कावून पाठवू पुढं? अजून पत्थर व्हायला?"

मी आफरीनला बोलावून विचारलं. मनातून मला वाटत होतं, तिनं म्हणावं की द्वारकाताईंनीच जाताना सांगितलं होतं, सराव चुकवू नको. म्हणजे तुमची तोंडं बंद करायला मला सोपं गेलं असतं. ती म्हणाली, "न्हाई म्याडम. ताई काय बोलल्या न्हाईत. साडेपाच वाजले होते."

साडेपाच वाजले होते. पाच वर्षं रोज साडेपाचला ती त्या मैदानावर उभी राहिली आहे. जग कोसळलं त्या दिवशीही साडेपाच वाजलेच. द्वारकाच्या बाबतीत मी जे ओळखलं नाही, ते पुन्हा माझ्यासमोर येऊन उभं होतं.

आफरीन एकटी असताना रडते का? मला माहीत नाही. मी विचारणार नाही. तुम्हीही विचारू नका. दुःखाची हजेरी घेण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

रफिकभाई, तुम्ही तिसऱ्या रांगेत आहात. मी तुमच्यावर रागावलेली नाही. तुम्हाला लोकांनी टोचलं, बापाला लागणारच. पण इंजिनाचा आवाज ऐकून बिघाड कुठे आहे ते सांगणारे तुम्ही, या पोरीत बिघाड नाही हे तुम्हाला कळायला हवं होतं. ती निवडली जाईल की नाही, मी सांगू शकत नाही. कदाचित पहिल्याच दिवशी बाद होईल. पण बाद झाली, तर ती पकडणारीकडे जाऊन विचारेल, मी कुठं चुकले. तेवढं तिला करू द्या. एक वर्ष मी खाल्लं. दुसरं तुम्ही खाऊ नका. सोमवारच्या गाडीत तिच्याशेजारी मी बसते. काठी घेऊन बसते.

द्वारका, तुला काळीज आहे का असं मी विचारलं होतं. तुझी माफी मागायला मला एवढी वर्षं लागली. आणि मागितली तीही तू ऐकत नसताना.

आता सगळ्यांनी उभं राहायचं. शांत राहू या. ज्यांना रडू येतंय त्यांनी रडा. ज्यांना येत नाही त्यांनी समोर बघा. फक्त एक करा, शेजारच्याचे डोळे ओले आहेत की कोरडे, हे कोणीही वळून बघायचं नाही.